मागे सरका

कूबर पीडीहून कॅनबेरा : दोन दिवस, एक रात्र,
आणि शेवटच्या सीटवर ब्रांकोच्या मोज्यांचा वास.
एकवीस जण आम्ही. हॅव्हर्टी मॅडमनी सगळ्यांना
पिवळ्या टोप्या दिल्या, हरवू नये म्हणून.
आमच्या गावात हरवायला जागाच नाही.
पडायला आहे.

माझं घर जमिनीखाली आहे.
बाबांनी टेकडी कोरून तीन खोल्या केल्या,
चौथी खणताना ओपलची रेघ लागली,
म्हणून ती उगाचच मोठी.
वर सत्तेचाळीस डिग्री असताना
आम्ही खाली पांघरूण घेऊन झोपतो.

आणि इथे गाइड सांगतोय,
थंडीने ओठ फुटलेले, तरी टाय घट्ट,
"टेकडी खणली, पोटात संसद ठेवली,
वर पुन्हा गवत घातलं.
जनता डोक्यावरून चालते,
राज्य करणारे पायाखाली बसतात. हा त्यातला अर्थ."
सगळे वा म्हणाले.
मी म्हटलं, आमच्याकडेही असंच आहे,
फक्त गवत नाही.
आणि अर्थ नाही, उकडतं म्हणून.

उतारावरच्या गवताला आता कुंपण आहे.
डोक्यावर जायचं तर बॅग तपासून,
लिफ्टने.

लुटुपुटीच्या संसदेत काळा झगा
मला बरोबर बसला, म्हणून मी सभापती.
देस्पिनाने विधेयक मांडलं :
गावातलं पाणी नाण्यावर मिळू नये, नुसतं मिळावं.
ती चांगली बोलली. आंघोळीचं पाणी टोमॅटोला,
टोमॅटोचं उरलं तर कुत्र्याला, सगळं सांगितलं.
ब्रांको विरोधी बाकावर होता म्हणून विरोधात बोलला.
त्याच्या घरीही तेच नाणं, तोच नळ.
साडेबारा वाजले, सँडविचचा वास आला,
नऊ विरुद्ध अकरा, विधेयक पडलं.
मी दोनदा "शांतता" म्हणाले,
एवढंच माझं राज्य.

बाहेर नळाखाली देस्पिनाने ओंजळ धरली.
प्यायली नाही.
ओंजळ भरून वाहत होती
आणि ती बघत होती,
मॅडम हाक मारेपर्यंत.

जुन्या संसदेसमोर तंबू आहेत, शेकोटी आहे.
आमच्या छापील कागदावर ते नव्हतं.
पण लेरॉयची मावशी तिथे होती,
चार दिवसांसाठी म्हणून आलेली,
सात वर्षं झाली.
मॅडमनी घड्याळ पाहिलं,
मग कोटाची बाही त्याच्यावर ओढली.
मावशीने ओली पानं विस्तवावर टाकली,
आधी लेरॉयला धुरात उभं केलं, मग आम्हाला.
"कुठे राहता पोरांनो?"
जमिनीखाली, म्हणालो.
ती खूप हसली. हसत हसतच म्हणाली,
"खणताना विचारलंत का, कुणाची आहे?"

बाबांकडे परवाना आहे,
चौकटीत घालून चुलीच्या वर टांगलेला.
मी ते सांगितलं नाही.
टोपीला मात्र अजून वास येतो.

शेवटी फोटो. मागे संसद, संसदेवर ध्वज.
फोटोवाला म्हणाला, "मागे सरका दोन पावलं."
कुणी हललं नाही.
"अहो, ध्वज कापला जातोय, मागे व्हा!"
त्याला काय माहीत.
आमच्याकडे रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत :
मागे चालू नका.
कुणीतरी केव्हातरी खणून सोडून दिलेलं असतं,
शंभर फूट, तोंड उघडं,
आणि पाठीला डोळे नसतात.
चालायला लागलो तेव्हापासूनची सवय,
आधी वळायचं, आधी बघायचं.

एकवीस जण एकदम वळलो
आणि त्याच क्षणी त्याने बटण दाबलं.

फोटो शाळेत लागलाय, ऑफिसच्या दाराशी.
ध्वज अर्धाच आलाय.
संसदेसमोर एकवीस पिवळ्या टोप्या, पाठमोऱ्या,
सगळे वाकून जमिनीकडे बघतायत.
इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं,
काही हरवलं होतं का तुमचं?