शून्य कुठंय

उदगीरच्या भांडी बाजारात, जिन्याखालच्या खोलीत
मोडक्या प्रिंटरच्या दांड्या, भंगारातल्या मोटारी
आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर.

मन्मथ एसटीचं तिकीट सुईखाली सरकवतो,
झेड उतरवतो केसाकेसानं.
तिकीट अडकलं की म्हणतो, हे आपलं शून्य.

पहिलं ताट आहेराचं. नाव: चंद्रकला.
सॉफ्टवेअरनं द चा पाय मोडला
आणि र ला पंगतीबाहेर बसवलं.

बसलिंगअप्पांनी चष्मा कपाळावर नेला.
तीस वर्षं ताटांवर, घागरींवर नावं टाकलेली,
हात अजून टिकटिकतो, चहा पिताना सुद्धा.
"नाव टाकायलास का सून पळवून लावायलास?"
मग बिलाच्या पाठीवर काढून दिला
त्यांचा द्र, शेपूट जरा लांब.

मन्मथनं तो स्कॅन केला, रेघ केली, रेघेचे आकडे केले.
सुई निघाली.
चं. द्र. शेपूट जरा लांब.
क वर लाईट गेली.

लाईट आली तेव्हा मशीनला
आपण कुठं होतो ते आठवेना.

ला अप्पांनी हातानं टाकला.
किंचित वर चढलाय.
गिऱ्हाईकाला दिसला नाही, आम्हाला दिसतो.

तिकीट अजून टेबलावर आहे,
बारीक भोक पडलेलं,
उदगीर आणि लातूरच्या मधे कुठंतरी.