दुर्बीण

डॉक्टरबाई म्हणाल्या, दुर्बिणीतून करू.
मला वाटलं, लांबचं काही बघायचं असेल.
लांब कुठलं, बेंबीपासून चार बोटांवर
नळीचं टोक अडकलं होतं.

तीन महिन्यांची असताना घातलेली नळी.
कानामागं चिंचोक्याएवढी झडप,
तिथून मानेच्या कातडीखालून, बरगडीवरून
पोटात.
डोक्यात साठलेलं पाणी पोट गुपचूप जिरवायचं.
तेव्हाचा वण निलोफरबरोबर वाढला,
आता वीतभर आहे.

पंधरवडाभर सकाळी उठली की उलटी.
शाळेत बाकावर डोकं टेकून झोप.
झडप दाबून बघितली,
दबेचना.

आमचं काम भोपळ्याचं, मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत.
आत ओल राहिली तर आवाज बसतो,
हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.
घरी नाही सांगत.

दुकानाच्या दारामागं पेन्सिलीनं मापं आहेत:
छत्तीस, सदतीस, साडेअडतीस. हे तुंबे.
खाली सतरा, अठरा, साडेएकोणीस.
ही पोरगी.
जैबुननं एकदा बघितलं,
काही न बोलता ओलं फडकं आणलं.
पेन्सिल लाकडात मुरली होती.

ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसलो.
हात रिकामे, म्हणून बाकाची कड नखानं घासत राहिलो,
जव्हारी घासतात तशी.
एक केसभर जास्त गेलं की सूर गेला.
आत कुणीतरी
त्याच केसाच्या अलीकडं हात थांबवत होतं.

दीड तासानं बाई आल्या, कपाळावर टोपीचा वळ.
'आतड्यावरचा पदर गुंडाळला होता टोकाला.
सोडवला. ठिबकायला लागलं,
पडद्यावर बघितलं मी.'
मग आवाज खाली आणून,
'पुन्हा करावं लागेल कधीतरी.
कधी, ते नाही सांगता येणार.'
मी ठिबकायला लागलं एवढंच घेऊन
जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी तिनं झगा वर करून मोजली:
तीन भोकं. दोन तिळाएवढी, एक जरा मोठं.
'एवढंच?'
मग वणावर बोट ठेवून,
'आणि हे कुणी केलं?'

तेव्हा तू लहान होतीस, म्हटलं.

'लहान होते तर एवढं मोठं कशाला?'

मी जैबुनकडं बघितलं, जैबुननं सलाईनकडं.
तोवर पोरीनं सिस्टरना पोहे मागितलेसुद्धा,
शेंगदाणे काढून.