चौदाव्या भागातली खिडकी

महापेच्या स्टुडिओत मी आकाशं रंगवते.
उडणारी माणसं दुसरे काढतात,
मी त्यांच्यामागचं शहर: टाक्या, गच्च्या, पाट्या.

चौदाव्या भागात, नवव्या मिनिटाला
नायक एका इमारतीवर आदळतो.
अर्धा सेकंद.
तिथे तिसऱ्या मजल्यावर मी बसवली
कोपरखैरण्याची आमची खिडकी,
सिडकोची, गंजक्या ग्रिलची,
आणि खाली पिस्ता रंगाची स्कूटर,
आरशाला अडकवलेलं दादाचं हेल्मेट.
कुणी काही विचारलं नाही. रेंडर झालं, गेलं.

काल शेजारचा शर्विल धापा टाकत आला.
"ताई, पॉझ केलं ना, की दिसतं!
आकाश जांभळं आहे, म्हणजे ही आपली पृथ्वी नाहीच.
आणि ती स्कूटर
पाचव्यातही आहे, अकराव्यातही.
दर वेळी हेल्मेट आरशाला.
म्हणजे तिकडे कुणीतरी
आत्ताच घरी आलंय."

जांभळा रंग ही माझी चूक होती,
डेडलाइनच्या रात्री झालेली.
ते मी त्याला सांगितलं नाही.

आमच्याकडे हेल्मेट शू-रॅकवर असतं.
त्या दिवशीही तिथेच होतं.
एक ओरखडा नाही त्याच्यावर.

पंधरावा भाग उघडलाय.
जिन्यात दिवा लावते आधी,
मग बाकीचं शहर.