अकरा नंबरची उसवण

उपासनी सर,
संघ तुम्ही निवडता, पण फुटतो आधी माझ्याकडे.
गुरुवारी संध्याकाळी पिशवीतून जर्स्या येतात,
सोबत वहीच्या फाडलेल्या पानावर तुमची यादी,
आणि लॅमरोडच्या या टपरीवजा दुकानात
मशीनच्या दिव्याखाली मी वाचतो
कोण उठलं, कोण बसलं.

त्या खेपेला लिहिलं होतं:
भोयेचा ११ काढणे. पवनला लावणे.
भोयेला २३.

मी शिंपी माणूस. खेळातलं मला काय कळतं,
हे तुम्ही मागच्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणालातच.
पण डावा बूट उजव्या पायात जात नाही
हे माझ्या बालवाडीतल्या नातवालाही कळतं,
आणि तुम्ही डावखुऱ्या पोराला
उजव्या बचावाला उभं करता.
कापड आडवं बेतलं की सदरा कितीही नेटका शिवा,
दुसऱ्या धुण्याला पिळवटतो.

देवराम भोये. सुरगाण्याकडचा.
पहाटे बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उतरवतो,
दुपारी पंचवटीहून कॅम्पापर्यंत सायकल हाणत सरावाला.
चेंडू त्याच्या पायात आला की
कडेच्या रसवंतीचे घुंगरूसुद्धा थांबतात.

पवन वाईट पोरगा नाही. त्याचा राग नाही.
त्याचे काका संघाचं बसभाडं भरतात,
बॅनरवर त्यांचा फोटो चेंडूहून मोठा.
पोरगं दहा पावलांत धापतं
आणि पाठीवरचा अकरा सारखा चाचपतं,
भाड्याचा कोट घातल्यासारखं.

मग मनमाडच्या रेल्वेवाल्यांशी सामना.
चौघे मागे, पाचवा त्यांच्याही मागे,
पुढे एकटा सॅमसन,
मांडव पडायच्या आधीच आलेल्या पाहुण्यासारखा.
इतकं अस्तर लावलंत सर,
की कापडच कुठे दिसेना.
मध्यंतरापर्यंत दोन खाल्ले.
तिकडे रेंजवर तोफांचा सराव चालू,
दणक्यागणिक शेडचे पत्रे थरथरत होते,
आणि आपला गोली किसन बोराडे
खांबाला टेकून, तोंडात पाणी धरून
तुमच्याकडे बघत होता.
तुम्ही यादी बघत होतात.

मी ओरडलो. भोयेला उतरवा! भोयेला उतरवा!
घसा बसला. भोये बाकावर
लेस सोडत होता, बांधत होता, सोडत होता.

शहाऐंशीव्या मिनिटाला तुम्ही बोट केलंत.
तेवीस नंबर आत गेला. उजव्या बचावाला.
आणि एकदा, एकदाच,
त्यानं तुमचं ऐकलं नाही.
मैदान तिरपं कापत डावीकडे सुटला,
कात्री सुटली की कापडाला विचारत नाही तसा,
तिघांना मागे टाकून चेंडू गोलापुढे असा ठेवला
की कुणीही नुसतं पाऊल पुढं करावं.

पाऊल नव्हतं.
आपले सगळे मागे होते, तुमच्या आज्ञेत.

सूनबाई विचारते, मामंजी, त्या मैदानावर तुम्हाला काय मिळतं?
सव्वीस वर्षं मी याचं उत्तर शोधतोय
आणि दर रविवारी तिथंच विसरून येतोय.

नंबर उसवला तरी भोकं राहतात, सर.
भोयेची जर्सी उजेडापुढे धरा,
तेवीसच्या खाली
सुईच्या टोचांचा अकरा अजून वाचता येतो.

आज पुन्हा पिशवी आली आहे.
यादीत तीन बदल. भोये कुठेच नाही.
पवनचा अकरा या वेळी मी
कच्च्या टाक्यावर ठेवलाय.
एक दोरा ओढला की निघेल.
रविवारी चार वाजता मी आहेच,
चुन्याच्या रेघेला लागून, कात्री खिशात.

आणि हो, मागच्या उसवणीचे चाळीस रुपये
अजून यायचेत.