षष्ठी

कूलरच्या टाकीत एक मासोळी आहे.
पंप दिवसभर पाणी फिरवतो,
त्यालाच ती नाला समजत असावी,
तळाशी टाकलेल्या चार गोट्यांपैकी काळ्याखाली,
तोंड धारेकडे करून.
बाहेर सेहेचाळीस. लॉ कॉलेज चौकात डांबर मऊ झालंय.

बाकीच्या बारा बरणीत.
पहिले दोन दिवस पट्टे होते त्यांच्या अंगावर,
भाजलेल्या वांग्याच्या सालीच्या रंगाचे.
मग फॉर्मॅलिननं पुसत आणले.
आता पट्टे आहेत असं मी म्हणते
ते वहीत लिहून ठेवलंय म्हणून.
अकरा. शेपटीकडे दाट, डोक्याकडे विरळ.
मिशा सहा.
पाठीच्या पंखात फांदी फुटलेले किरण आठ.
अंगावरची रेषा अर्धवट, पंखाखाली येऊन थांबते,
बोलता बोलता वाक्य विसरल्यासारखी.

वर्गीकरण म्हणजे बहुतेक नकारच.
ही ती नाही, तिचा ओठ मधोमध चिरलेला.
ही तीही नाही, तिच्या शेपटीची खाच खोल.
नाही, नाही म्हणत शेवटी जी उरते
तिला आपण नवीन म्हणतो.

पंचफुलाबाई मारबते हसली होती,
देवलापारच्या पलीकडे, घोटाभर पाण्यात,
साडी खोचून दगड उचलताना.
"नवी? मायच्या वक्तापासून खातो आमी इले.
दगडचाटी म्हन्तेत.
चिंचेच्या पाल्यात शिजवा लागते, नाही तं कडू लागते."
मी लिहिलं: स्थानिक नाव, दगडचाटी.
कडू लिहायला रकाना नव्हता.
तिचं जाळं म्हणजे लेकीच्या बाळंतपणातली मच्छरदाणी.
मी लिहिलं: बारीक विणीचं, हातानं ओढायचं जाळं.

मोहरील सर म्हणाले, विभागप्रमुखांचं नाव दे,
डिसेंबरात निवृत्त होतात.
पुरुषाच्या नावाला ई, बाईच्या नावाला ए,
लॅटिनमधली षष्ठी.
चा, ची, चे. शाळेत घोकलेली.
कुणाची, एवढंच विचारणारी विभक्ती.

मी फोन लावला.
"तुमचं नाव देते मासोळीला."
"मेलेलीले का जितीले?"

नियम असा की नाव चिकटतं
बरणीतल्या एकीला,
जिचे पंख धड आहेत अशा सगळ्यात लांब एकीला.
नाल्यातल्या बाकीच्या
तिच्यासारख्या दिसतात म्हणून त्या नावाच्या.
हे कसं सांगायचं.
"दोघींनाही," म्हटलं.

"वाचून दाखव मंग."
"शिस्तुरा पंचफुलाए."
पलीकडे बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
"ते ए नोको लावू शेवटी.
कोनी नाल्याच्या पल्याडून हाका मारून राह्यलं असं वाटते."
"लावावंच लागतं, बाई. त्याशिवाय ती तुमची होत नाही."
"माही कायले? ते नाल्याची हाये."
मग कुणावर तरी खेकसली, कोंबडी हाकलली असेल,
आणि म्हणाली,
"बरं, लाव. हाक आली तं ओ देता येते मानसाले."

मोहरील सर दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले,
त्यांचा स्वतःचा, अर्धा प्यालेला.

तपासलेले नमुने: बारा. जिल्हा: नागपूर.
सही केली.
तेरावीचा उल्लेख कुठेच नाही.
दिवाकरसाठी चिठ्ठी ठेवली,
कूलर रात्रीही चालू राहू दे, बिलाचं मी बघते.

निघताना दिवे घालवले, टाकीवर वाकले,
व्हरांड्यात कुणी नाही हे बघून
हळूच म्हटलं,
ए.

काळ्या गोट्याखाली थोडी वाळू हलली.
पंपानंही हलली असेल.