दोन वेढे, शेपूट आत

भादव्यातलं उधाण खाडीतून वर चढलं
आणि रात्री तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन गेलं.
सकाळी खराटा घेऊन उतरले
तर नेहमीचंच:
एक चप्पल, कायम डाव्या पायाची,
थर्माकोलचा तुकडा, त्याला अजून बांगड्याचा वास,
कांदळाच्या शेंगा,
आणि एक निळी पिशवी.

पिशवीला गाठ होती.
दोन वेढे, मग शेपूट मागून आत.
अशी गाठ आमच्या वाडीत कुणी मारत नाही.
माझे वडील मारायचे, देवबागला, जाळ्याच्या रश्शीला,
आणि सात पोरांतून ती मी एकटीच शिकले.

मी खराटा भिंतीला टेकवला.
"ही खंयसून इली गो?" लुईजाबायनं वईपलीकडून विचारलं.
म्हटलं, घरातून.

नवरा म्हणाला, कोयत्यानं काप.
नाही कापली.
मिठानं दगड झालेली ती गाठ
जाळ्याच्या सुईनं उसवत बसले,
पेज गार होऊन वर साय धरेपर्यंत.
आत मुक्ताचं डायपर,
फुगलेलं, अजून पांढरं,
आणि खोकल्याच्या औषधाची बाटली.
तिच्यावरची तारीख मुक्ता रांगत होती तेव्हाची.
मुक्ता आता तिसरीत आहे. पुढचे दोन दात पडले,
नवे आलेसुद्धा.
डायपरला काहीही झालेलं नाही.

इतकी वर्षं ते कांदळाच्या मुळांत अडकून होतं
आणि इकडे मी अंगण सारवत होते,
उंबऱ्यावर रांगोळीची बोटं ओढत होते.
येणारा-जाणारा म्हणायचा,
शेवंतीचं घर म्हणजे आरसा.

त्या दिवसापासून आरसा थोडा गढूळ झालाय.
मागच्या पडवीत दोरीवर तेलाच्या पिशव्या,
धुऊन, उलट्या करून.
पाहुण्यांना लांबून वाटतं, सुकवायला मासे घातलेत.
कोळंबीची टरफलं माडाच्या आळ्यात, त्यावर राख, त्यावर फळी,
नाहीतर मांजर रात्रभर कीर्तन करतं.
तवा सोडणानं घासते. हिरवी घासणी संपली
ती परत आणलीच नाही.
डाळ-तांदळाला डबे घेऊन गेले तर मोंडकर काउंटरमागून म्हणतो,
वैनी, लग्नाचं जेवण न्यायला आलात?

सगळंच जमतं असं नाही.
दुधाची पिशवी अजून येते.
नवऱ्याचं जाळं नायलॉनचं. आमचा भात त्याच्यावरच शिजतो,
तेव्हा तिथं मी गप्प.
आणि एकदा, अंगात ताप होता, काळोख होता,
घंटागाडी तीन बुधवार फिरकली नव्हती,
मी पायरीवर उभं राहून एक पिशवी दिली भिरकावून.
गाठ मारली नाही.
ओळखू येऊ नये म्हणून.

तसं माझ्या घरात
दिवे गेले तरी फळीवर हात घातला की
मीठ मिठाच्या जागी, काडेपेटी काडेपेटीच्या.
फक्त त्या डायपरला जागा सापडेना.
पुरलं, तर कुत्र्यांनी उकरलं.
जाळावं, तर धूर लुईजाबायच्या वाळत घातलेल्या चादरींवर.
शेवटी डांबरी रस्त्यापर्यंत गेले, गाडीवाल्या पोराला विचारलं,
बाबा, तू हे सगळं नेतोस कुठं?
त्यानं तंबाखू मळता मळता
खाडीच्या वळणाकडे मान केली.

घेऊन आले परत.
पडवीत बसून निळ्या पिशवीत भरलं, तोंड आवळलं,
दोन वेढे, शेपूट मागून आत.
मुक्ता शाळेतून आली होती,
दप्तर पाठीवर तसंच, माझ्या बोटांकडे बघत.
मला शिकव, म्हणाली.

मी गाठ सोडली
आणि पहिल्यापासून, सावकाश, मारून दाखवली.