पुलाजवळच्या बाकावरून

इड्वलचा गुडघा यंदा सरळ नाही म्हणाला.
म्हणून तो पुलाजवळच्या बाकावर बसला,
काठी मांडीवर आडवी,
आणि आम्हा पाच जणांना वाट सांगू लागला,
जसं काही वीस वर्षं आम्ही ती
त्याच्याच पाठीकडे बघत चाललो नव्हतो.

'अल्डरची झाडं संपेपर्यंत नदी सोडू नका.
दुसरं फाटक उचलून उघडायचं, ढकलून नाही.
प्रॉसरचा मेंढा वाटेत उभा राहील,
त्याच्याशी वाद घालू नका.
आणि माथ्यावर पोचलात की
मेइनिरचा तो लाल रुमाल हलवा.
मी बघतोय इथून.'

अस्क आज उथळ, बडबडी.
पांढऱ्या छातीचा एक पाणपक्षी
दगडावर वाकत होता, उठत होता, पुन्हा वाकत होता,
कुणाची माफी मागत होता कोण जाणे.
नदी सोडून वळलो
आणि रान लागलं, आधी वास, मग झाडं.
रानलसणीचा तो ओला, तिखट वास,
कुणाच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरल्यासारखा.

इथले ओक उंच व्हायचं विसरलेत.
वाऱ्याशी भांडून भांडून
कोपरं मोडून बसलेत उतारावर,
अंगावर शेवाळ इतकं जाड
की हात ठेवला तर बोटं बुडतात.
चढावर बोलायचं नाही हा हाइलवेनचा नियम,
उतारावर ती सगळं व्याजासकट वसूल करते.
त्यामुळे ऐकू येत होता फक्त धापांचा आवाज,
पाच वेगवेगळ्या,
आणि त्यांत एका धापेची जागा रिकामी.

दुसरं फाटक आम्ही ढकललं.
अर्थात.
डिल्विननं खांदा लावला, मी पाय लावला,
ते ढिम्म.
मग मेइनिरनं दोन बोटांनी जरासं उचललं
आणि ते फिरलं, अजिबात न कुरकुरता.
खाली बसून तो जिंकला होता.

झाडं मागे पडली, नेचे लागले,
गेल्या सालचे, तांबूस, मोडके,
आणि त्यांच्यातून नव्यांच्या हिरव्या मुठी वर आलेल्या,
अजून न उघडलेल्या.
मेंढा उभा होता. आम्ही वाद घातला नाही.

माथ्यावर वारा होता, दुसरं काहीच नव्हतं
काही वेळ.
मग डोळे स्थिरावले आणि दरी जागेवर आली.
नदी तीन तुकड्यांत,
मधले तुकडे झाडांनी लपवलेले.
कुंपणांच्या रेघा, चर्चचा बुटका मनोरा,
दुधाचा ट्रक, इतका सावकाश
की चालतोय हे त्याची सावलीच सांगत होती.
पूल दिसला, वाकलेल्या टाचणीएवढा.
बाक दिसला नाही.
तिथं एक ठिपका होता,
तो माणूस असेल, कचऱ्याचा डबाही असेल.

मेइनिरनं रुमाल हलवला.
वाऱ्यानं तो जवळजवळ नेलाच.
डिल्विननं टोपी हलवली, हाइलवेननं दोन्ही हात,
आणि ठिपका ठिपकाच राहिला.

मग चहासाठी मी पिशवी उघडली.
थर्मास, पाव, चीज,
आणि तळाशी तपकिरी डबी,
बिजागरीला दोरा बांधलेली.
इड्वलचा चष्मा.
सकाळी बूट बांधताना टाकला असेल,
दर वर्षीच्या सवयीनं,
येणारच आहोत असं समजून.

कुणी काही बोललं नाही.
मेइनिरनं घडी केलेला रुमाल
पुन्हा उलगडला,
आणि या खेपेला पुष्कळ वेळ हलवला,
हात दुखेपर्यंत,
मग डाव्या हातानं.

उतरताना हाइलवेनसुद्धा गप्प.

तो बाकावर तसाच होता, काठी आडवी.
मी डबी पुढे केली.
न उघडता त्यानं ती खिशात ठेवली.
'दिसलो आम्ही?' डिल्विननं विचारलं.
'दिसलात ना,' इड्वल म्हणाला,
'दोनदा हलवलात.
दुसऱ्यांदा जास्त वेळ.'

अस्क बडबडतच होती.
'आणि फाटक?' त्यानं मला विचारलं,
'उचललंत ना पहिल्यांदाच?'

हो, म्हणाले मी.